जीप: इतिहास, मालकी आणि अनुभव – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीप घ्यायची म्हटलं की लोक मॉडेल विचारतात, रंग विचारतात, अ‍ॅव्हरेज विचारतात. माझा उलटा प्रश्न असतो: ती गाडी बनली तेव्हा कंपनी कोणाच्या ताब्यात होती? ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत या ब्रँडने जितके मालक बदलले तितके क्वचितच दुसऱ्या कोणी बदलले असतील. प्रत्येक मालकाने आपलं काहीतरी गाडीत ठेवलं, कोणी इंजिन, कोणी वायरिंग, कोणी नुसती काटकसर. जीप चांगली की वाईट, याचं उत्तर म्हणूनच एका वाक्यात देता येत नाही.

जीप नेमकी बनवली कोणी? विलीसने की फोर्डने?

दोघांनीही नाही, निदान पहिली तरी नाही. पहिली बनवली अमेरिकन बँटम नावाच्या एका छोट्या, जवळपास दिवाळं निघालेल्या कंपनीने, पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावात.

१९४० च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या लष्कराने १३५ कंपन्यांना पत्रं पाठवली. टेहळणीसाठी हलकी, चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी हवी. पहिला नमुना ४९ दिवसांत आणि सगळ्या ७० गाड्या ७५ दिवसांत. मुदत बघूनच बहुतेकांनी हात वर केले. पुढे आल्या फक्त दोन, बँटम आणि ओहायोतल्या टोलेडोची विलीस-ओव्हरलँड. बँटमकडे स्वतःचा डिझाइन विभागही उरला नव्हता. त्यांनी डेट्रॉइटहून कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरला बोलावून घेतलं आणि त्याने जेमतेम दोन दिवसांत गाडीचा आराखडा कागदावर उतरवला. विलीसची किंमत कमी होती, पण त्यांना मुदत वाढवून हवी होती. काम बँटमला मिळालं. २३ सप्टेंबर १९४० ला गाडी मेरिलँडच्या कँप होलाबर्डमध्ये पोहोचली, मुदत संपायला अर्धा तास असताना.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. गाडी पसंत पडली, पण एवढीशी कंपनी युद्धाला पुरेल इतक्या गाड्या कशा देणार, अशी शंका लष्कराला आली. बँटमचे आराखडे विलीस आणि फोर्ड दोघांनाही बघायला मिळाले. नोव्हेंबरमध्ये विलीसची क्वॉड आणि फोर्डची पिग्मी चाचणीला हजर. विलीसची गाडी ठरल्यापेक्षा बरीच जड होती, पण तिच्यात डेल्मर रूस या इंजिनिअरने घोटून घोटून तयार केलेलं २.२ लिटरचं इंजिन होतं, ६० अश्वशक्तीचं. बाकी दोघांच्या इंजिनांत तेवढी ओढ नव्हती. १९४१ मध्ये मोठं कंत्राट विलीसला गेलं, गाडीला ७३८.७४ डॉलर या दराने. पुढे फोर्डलाही त्याच आराखड्यावर गाड्या बनवायला लावलं. युद्ध संपेपर्यंत दोघांच्या मिळून सहा लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. बँटमच्या वाट्याला आलं त्या गाड्यांमागे जोडायचे ट्रेलर बनवण्याचं काम.

जन्म दिला बँटमने, हृदय दिलं विलीसने आणि फोर्डने दिला तो चेहरा. पत्र्यातून ठोकून काढलेली खाचांची जाळी ही फोर्डची कल्पना. विलीस आधी लोखंडी पट्ट्या वेल्ड करून जाळी बनवत होती, ते महागही होतं आणि जडही.

मग ‘जीप’ हे नाव विलीसचं कसं झालं?

नाव सैनिकांच्या तोंडी आधीपासूनच होतं. पॉपायच्या चित्रमालिकेत १९३६ मध्ये आलेल्या ‘यूजीन द जीप’ या प्राण्यापासून ते फोर्डच्या ‘जीपी’ या अक्षरांपर्यंत अनेक कथा सांगितल्या जातात. विलीसने युद्धकाळातच ‘जीप आम्ही निर्माण केली’ अशा जाहिराती सुरू केल्या, तेव्हा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हरकत घेतली. हा दावा दिशाभूल करणारा आहे, असा निकालही १९४८ मध्ये लागला. तरी १९५० मध्ये ट्रेडमार्क विलीसच्याच नावावर नोंदला गेला, आणि तोवर बँटम गाड्यांच्या धंद्यातून बाहेर पडलेली होती.

युद्धातली जीप आहे असं सांगून कोणी विकत असेल, तर ती विलीस की फोर्ड, आणि खरी की खोटी, कसं ओळखायचं?

हा प्रश्न आपल्याकडेही येतो, कारण युद्धानंतर ब्रह्मदेश-आसाम आघाडीवरच्या बऱ्याच जीप लिलावात निघाल्या आणि देशभर पसरल्या.

बॉनेटवरच्या अक्षरांवर जाऊ नका. खाली वाकून रेडिएटरखालची चासीची पुढची आडवी पट्टी बघा. ती गोल नळीसारखी असेल तर चासी विलीसची, उलट्या ‘यू’सारखी असेल तर फोर्डची. मग एखादा जुना बोल्ट शोधा आणि त्याचं डोकं घासलेटाने पुसा. फोर्डने आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टांवरही, ‘एफ’ हे अक्षर आपल्या वळणदार शैलीत उमटवलेलं असे. लष्कराला भाग अदलाबदल करता यावेत म्हणून सगळं एकसारखं हवं होतं, पण दुसऱ्याचा खराब निघालेला पार्ट आपल्या माथी मारला जाऊ नये ही फोर्डची काळजी.

मग जाळीच्या खाचा मोजा. युद्धातल्या गाडीला नऊ, १९४५ नंतरच्या नागरी सीजे-२एला सात. सीजेचे दिवे मोठे, मागे उघडणारं फळकं, स्टेपनी बाजूला आणि पेट्रोलचं झाकण बाहेर. युद्धातल्या गाडीत टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते आणि झाकणही तिथेच, म्हणजे पेट्रोल भरायचं तर ड्रायव्हरने उतरून सीटची गादी उचलायची. तिच्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे दिवे. प्रत्येक दिव्यामागे एक पंखवाला नट आहे. तो सैल करून दिवा बिजागरीवर वर फिरवला की उजेड थेट इंजिनवर पडतो. रात्री रानात दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा विचार कोणीतरी ड्रॉइंग बोर्डवर बसून केला होता.

आपल्याकडच्या ‘लो बॉनेट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक गाड्या मुळात ‘हाय बॉनेट’ असतात, म्हणजे महिंद्राची सीजे-३बी कापून, बॉनेट खाली आणून तयार केलेल्या. काम सुबक असतं, पण युद्धातल्या गाडीची किंमत मोजू नका.

बॉनेट उंच झालंच का?

इंजिनमुळे. जुन्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बाजूला होते. विलीसने ताकद वाढवण्यासाठी हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, त्यामुळे इंजिनची उंची वाढली आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना. नवं डिझाइन करायला पैसा नव्हता, म्हणून बॉनेट आणि जाळी उचलून वर केली. १९५३ मध्ये आलेली ही सीजे-३बी दिसायला अवघडलेली, पण जपानमध्ये मित्सुबिशीने आणि भारतात महिंद्राने परवाना घेतला तो हिचाच. अमेरिकेत ती १९६८ मध्ये बंद झाली, आणि आपल्याकडे जीप म्हटलं की अजूनही तिचाच चेहरा डोळ्यांपुढे येतो.

महिंद्राची जीप ही खरी जीप की नक्कल?

खरी, कागदोपत्री परवाना असलेली. के. सी. महिंद्रा युद्धकाळात वॉशिंग्टनला भारताच्या पुरवठा मिशनवर होते, तिथे त्यांची गाठ विलीसच्या त्या रूस यांच्याशी पडली. १९४५ मध्ये दोघा महिंद्रा बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ सुरू केली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीच्या नावात दुसरे महिंद्रा आले. सुटे भाग बोटीने आणून माझगावला जीप जोडायचं काम त्याच सुमारास सुरू झालं, पुढे कांदिवलीला आणि नंतर नाशिकला कारखाने उभे राहिले.

पुढची चाळीस-पन्नास वर्षं तहसीलदार, बीडीओ, पाटबंधारे खातं, पोलिस, साखर कारखान्याचे शेतकी अधिकारी, सगळे याच गाडीतून फिरले. १९८५ च्या सुमारास एमएम ५४० आली. प्यूजोचं २.१ लिटरचं डिझेल इंजिन, ओढ बरी, वेग यथातथा. २०१० ची पहिली थार याच घराण्यातली. २०२० च्या नव्या थारचा मात्र विलीसशी संबंध दिसण्यापुरताच उरला आहे.

खेडोपाडी वडापच्या कुठल्याही गाडीला जीपच म्हणतात, मग ती आकुर्डीत बनलेली ट्रॅक्स का असेना. आणि लष्कराची जोंगा? तीही जीप नव्हे. जबलपूरला बनायची खरी, पण आराखडा निस्सानचा.

महिंद्रा आणि जीपमध्ये अमेरिकेत खटला कशावरून झाला?

रॉक्सरवरून. २०१८ मध्ये महिंद्राने मिशिगनमध्ये ही गाडी जोडून विकायला घेतली, रस्त्यावर नव्हे तर शेतात-रानात चालवायची म्हणून. तेव्हाची जीपची मालक फियाट-क्रायस्लर आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे गेली: चौकोनी ठोकळा, सपाट बाजू, बाहेरून दिसणाऱ्या बिजागऱ्या आणि बॉनेटच्या कड्या, हा आमचा चेहरा आहे. २०२० च्या जूनमध्ये आयोगाने ते मान्य करून जुन्या रूपातली रॉक्सर रोखली. महिंद्राने तोंडवळा बदलला आणि डिसेंबरमध्ये नव्या रूपाला हिरवा कंदील मिळाला. कायद्याने निकाल बरोबरही असेल. पण ज्या घराण्याने विलीसच्या परवान्यावर अर्धशतकाहून जास्त काळ हीच पेटी बनवली, त्याला नक्कल करणारा ठरवलेलं बघून जरा गंमत वाटते. आणि तक्रार करणाऱ्या कंपनीची तरी विलीसशी नाळ कुठे होती? तिने जीप आधीच्या चार-पाच मालकांच्या हातून घेतलेली.

इतके मालक का बदलले?

कारण जीप नेहमीच मालकापेक्षा जास्त कमावती राहिली. दर वेळी मालक बुडायला लागला आणि त्याच्याकडे विकण्याजोगं एकच रत्न होतं.

विलीसला युद्धानंतर मोटारगाड्या काढायच्या होत्या, जमलं नाही. १९५३ मध्ये हेन्री कैसर यांनी कंपनी घेतली. त्यांच्याच काळात, १९६३ मध्ये, वॅगनिअर आली, आणि आज ज्याला आपण आरामशीर एसयूव्ही म्हणतो त्याची सुरुवात तिथे मानायला हरकत नाही. तीच गाडी थोड्याफार बदलांनी १९९१ पर्यंत बनत राहिली. १९७० मध्ये कैसरने जीप अमेरिकन मोटर्सला, म्हणजे एएमसीला विकली. एएमसीचा हात आखडता, पण इंजिनिअर हुशार. ऐंशीच्या दशकात फ्रान्सच्या रेनॉने एएमसीत पैसे ओतले. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये रेनॉचे अध्यक्ष जॉर्ज बेस यांची पॅरिसमध्ये अतिरेक्यांनी हत्या केली. अमेरिकेतल्या धंद्याचा पाठीराखाच गेला. नव्या व्यवस्थापनाने काही महिन्यांत तो क्रायस्लरला विकून टाकला. क्रायस्लरचे ली आयाकोका यांना एएमसीच्या मोटारींत फारसा रस नव्हता, त्यांना जीप हवी होती.

मग १९९८ मध्ये डेमलर, २००७ मध्ये सर्बेरस ही गुंतवणूक कंपनी, २००९ मध्ये दिवाळखोरी आणि फियाट, आणि २०२१ पासून स्टेलँटिस. दरम्यान गाडी मात्र टोलेडोतच बनत राहिली. तिथे जुन्या कारखान्याच्या जागेवर एक धुराडं राखून ठेवलंय, त्याच्या विटांत अजून ‘ओव्हरलँड’ लिहिलेलं दिसतं.

टिकाऊपणात पहिला नंबर कोणत्या जीपचा?

माझ्या मते १९९१ ते १९९९ ची चेरोकी, जिला सगळे एक्सजे म्हणतात. चार लिटरचं, सहा सिलिंडर एका रांगेत असलेलं बिडाचं इंजिन. एएमसीच्या लोकांनी तुटपुंज्या पैशात केलेलं काम, पण असं केलं की नीट पाणी-ऑइल बघितलं तर तीन लाख किलोमीटर ते सहज जातं. वेगळी चासी न ठेवता बॉडीतच ती गुंफल्यामुळे गाडी हलकी राहिली. १९८४ ते २००१ दरम्यान २८ लाखांहून जास्त निघाल्या.

मग नेमकी हीच वर्षं का? इथेच मालकाचा प्रश्न येतो. १९८७ ते ९० च्या गाड्यांत रेनॉ आणि बेंडिक्सची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे, तिला रेनिक्स म्हणतात. यंत्रणा वाईट नाही, पण तिचे दोष आजच्या स्कॅनरला कळत नाहीत आणि जाणकार मिस्त्री उरले नाहीत. १९९१ पासून क्रायस्लरने स्वतःची बसवली. दुसऱ्या टोकाला, २००० आणि २००१ च्या गाड्यांत सिलिंडर हेडचं नवं ओतकाम आलं, त्यावर ०३३१ असा आकडा असतो. ही हेडं मधोमध तडकतात आणि ऑइलमध्ये पाणी मिसळतं. ऑइल भरायचं झाकण उघडून आत टॉर्च मारली तर आकडा वाचता येतो आणि दुधाळ थर असेल तर तोही दिसतो. घेण्याआधी हे दोन मिनिटांचं काम कराच.

ऑइलगळती मात्र सगळ्यांतच. इंजिनच्या मागच्या सीलमधून गळतंय असं मेकॅनिक सांगेल. आधी वरच्या झाकणाचं गॅस्केट बदलून बघा, बऱ्याचदा तिथून ओघळ मागे जातो आणि दोष सीलच्या नावावर पडतो. हेच इंजिन २००६ पर्यंतच्या रँग्लरमध्येही आहे.

आणि रँग्लर? जुनी घ्यायची तर कोणती?

१९८७ ची पहिली रँग्लर जन्मली एएमसीच्या पोटी आणि वाढली क्रायस्लरकडे. तिच्या चौकोनी दिव्यांवरून जुने लोक आजही नाक मुरडतात. तिला खाली आणि रुंद केलं होतं, कारण आधीची सीजे-५ वळणावर उलटते असा गाजावाजा १९८० मध्ये टीव्हीवर झाला होता आणि कोर्टात दाव्यांची रीघ लागली होती. १९९७ च्या टीजेमध्ये, म्हणजे रँग्लरच्या पुढच्या पिढीत, पाटे जाऊन कॉइल स्प्रिंग आल्या, गोल दिवे परतले. टीजे ही माझी आवडती, पण मिशिगन, ओहायोसारख्या मिठाच्या राज्यांतली नको. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ चासीच्या बंद पोकळीत साठतं आणि ती आतून गंजते. वरून काळा रंग चकाचक. हातोडीने चासी ठोकत मागच्या चाकापर्यंत जा, खणखणीत आवाज यायला हवा. जिथे बद्द वाजेल तिथेच व्यवहार सोडून द्या.

२००७ ते ११ ची जेके डेमलरच्या काळात ठरलेली. चार दारांची कल्पना उत्तम, धंदा तिनेच वाढवला, पण इंजिन टाकलं मिनीव्हॅनचं, ३.८ लिटर. ओढ कमी आणि ऑइल पिते. २०१२ पासून ३.६ लिटरचं पेंटास्टार आलं, २८५ अश्वशक्तीचं. जेके घ्यायची तर २०१२ नंतरचीच. पेंटास्टारमध्ये कालांतराने वरच्या भागातून टिकटिक सुरू होण्याचा आजार आहे, तो वेळेत धरला नाही तर कॅमशाफ्ट खातो.

रोज ऑफिसला न्यायला रँग्लर कशी आहे?

गोंगाटी. हायवेवर कापडी टपाखाली फोनवर बोलायचं विसरा. अ‍ॅव्हरेज गॅलनला २० मैलांच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशेबाने लिटरला साडेआठ. कापडी टप असेल तर अमेरिकेत जुने मालक दारं लॉकच करत नाहीत, आत किमती काही ठेवत नाहीत. चोराने टप फाडला तर चोरीपेक्षा टप महाग पडतो.

उलट बाजू अशी की विकायला गेलात तर भाव चांगला मिळतो, आणि उन्हाळ्यात दारं काढून फिरण्याची मजा दुसरी गाडी देत नाही. २०१८ नंतरच्या जेएलमध्ये दाराच्या बिजागरीवरच कोणता पाना लागेल तो आकडा कोरलाय आणि पान्यांचा संच गाडीबरोबर येतो. मात्र दाराबरोबर आरसेही जातात. आरशाचा कायदा राज्याराज्यांत वेगळा आहे, तो आधी बघून घ्या.

‘डेथ वॉबल’ म्हणजे काय? घाबरायचं का?

पुढचा अ‍ॅक्सल अखंड असलेल्या गाड्यांचा हा रोग आहे. साधारण ताशी ८०-९० वर पूल किंवा खड्ड्याचा एक धक्का बसतो आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना इतक्या जोरात थरथरू लागतं की गाडी सुटी होतेय असं वाटतं. त्या क्षणी स्टिअरिंगशी कुस्ती खेळू नका, अ‍ॅक्सिलरेटर सोडा, हळूहळू वेग उतरवा, ते थांबतं.

दुकानदार स्टिअरिंगचा डँपर बदलून देतो आणि महिनाभर बरं वाटतं. डँपर फक्त लक्षण झाकतो. मूळ दोष बहुधा ट्रॅक बारच्या, म्हणजे अ‍ॅक्सलला आडवा सरकू न देणाऱ्या दांडीच्या, झिजलेल्या बूशमध्ये किंवा अंडाकृती झालेल्या बोल्टच्या भोकात, नाहीतर बॉल जॉइंटमध्ये असतो. इंजिन चालू ठेवून एकाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही खाली झोपून बारच्या टोकांवर बोट ठेवा. ढिलाई बोटाला कळते. उंची वाढवलेल्या, मोठे टायर टाकलेल्या गाड्यांत हा प्रकार जास्त.

फोर बाय फोर कधी टाकायचं?

चिखल, वाळू, बर्फ, सैल मुरूम. कोरड्या डांबरावर कधीच नाही. रँग्लर, जुनी महिंद्रा, सीजे, यांच्या साध्या व्यवस्थेत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के जोडले जातात. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात. चिखलात ती घसरून हिशेब मिटवतात, डांबरावर घसरू शकत नाहीत, मग सगळा ताण ट्रान्स्फर केसवर, म्हणजे दोन्ही शाफ्टना ताकद वाटणाऱ्या पेटीवर, येतो. पावसाळ्यात ताम्हिणीत ओल्या पण चांगल्या डांबरावर कौतुकाने लीव्हर ओढून ठेवणारे पाहिलेत. तिथे टू-व्हील आणि चांगले टायर पुरतात.

रिकॉल इतके का येतात?

मोठ्या अमेरिकन कंपन्यांना रिकॉल नवे नाहीत, पण जीपचे काही फार गाजले. १९९३ ते ९८ च्या ग्रँड चेरोकीची पेट्रोल टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे, मागून धडक बसली तर आग. २०१३ मध्ये सरकारी दबावानंतर कंपनी तयार झाली, आणि उपाय काय, तर मागे ट्रेलर ओढायचा हूक बसवून देणे. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी घरबसल्या इंटरनेटवरून चालती चेरोकी हायवेवर बंद पाडून दाखवली, त्यानंतर १४ लाख गाड्यांचं सॉफ्टवेअर बदललं. २०१६ मध्ये ग्रँड चेरोकीच्या ज्या गिअर दांड्याचा रिकॉल निघाला तो प्रत्येक वेळी मधल्या जागी परत यायचा, गाडी पार्कमध्ये आहे की नाही हे कळायचं नाही. त्याच वर्षी अभिनेता अँटन येल्चिन स्वतःची घसरलेली ग्रँड चेरोकी आणि विटांचा खांब यांच्यामध्ये चिरडून गेला. अलीकडे प्लग-इन हायब्रिड ४एक्सई गाड्यांच्या मालकांना बॅटरीला आग लागण्याच्या भीतीने ‘चार्ज करू नका, घरापासून लांब लावा’ असं कळवावं लागलं.

अमेरिकेत गाडी असेल तर चासी नंबर टाकून सरकारी वेबसाइटवर फुकटात तपासता येतं. वापरलेली घेताना हे न करणं म्हणजे हलगर्जीपणा.

भारतात बनणारी कंपास कशी आहे?

२०१७ च्या जुलैअखेर रांजणगावची कंपास १४.९५ लाखांपासून आली तेव्हा खळबळ उडाली होती. फियाट आणि टाटांच्या भागीदारीतल्या या कारखान्यातून उजव्या स्टिअरिंगच्या कंपास इंग्लंड, जपान, ऑस्ट्रेलियालाही गेल्या.

गाडी म्हणून ती आजही पटते. खराब रस्त्यावर सस्पेन्शन शांत, दार लावल्यावर भरीव आवाज, घाटात भरवशाची. दोन लिटरचं डिझेल हे फियाटचं, आणि त्याच घराण्यातलं इंजिन हॅरिअर आणि हेक्टरमध्येही आहे, त्यामुळे वॉरंटी संपल्यावर बाहेरच्या गॅरेजला ते परकं नाही. बीएस-६ डिझेल रोज कर्वे रस्ता ते स्वारगेट एवढीच चालवणार असाल तर नको. एक्झॉस्टमधला फिल्टर साफ व्हायला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर लांब पळवावी लागते. १.४ लिटरचं ऑटोमॅटिक पेट्रोल वापरलेलं घेत असाल तर गर्दीत मुद्दाम अर्धा तास चालवून बघा, त्याचा ड्युअल क्लच रांगणाऱ्या ट्रॅफिकमध्ये तापतो.

खरी अडचण गाडीत नाही, सर्व्हिसच्या जाळ्यात आहे. शोरूम मोजकी, पार्ट महाग, आणि तालुक्याच्या ठिकाणी राहत असाल तर सर्व्हिसिंगला शहर गाठणं आलं. पुण्या-मुंबईत, नागपुरात असाल तर निभतं. गडचिरोली किंवा सिंधुदुर्गात राहून घेणाऱ्याला मी आधी दोनदा विचार करायला सांगेन. रँग्लर २०२१ पासून आणि मेरिडिअन २०२२ पासून रांजणगावलाच बनते, त्यांनाही हेच लागू.

जीपवाले एकमेकांना हात का दाखवतात? आणि डॅशबोर्डवर ती बदकं कसली?

हात दाखवायची रीत जुनी, मुख्यतः रँग्लर-सीजेवाल्यांची. बदकं २०२० मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओत एका बाईंनी सुरू केली: अनोळखी जीपवर रबरी बदक ठेवून जायचं. आवडत असेल तर ठेवा. माझ्या डॅशबोर्डवर जागा नाही.

जुनी जीप घेऊन उंच करून, टायर वाढवून चालवता येईल का?

हरियाणातल्या मंडी डबवालीहून तयार होऊन येणाऱ्या गाड्या बघून हा मोह होतो. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की मूळ कंपनीच्या रचनेबाहेर गाडी बदलता येत नाही. आरसी बुकातला इंजिन नंबर, चासी नंबर, इंधन आणि सीट तुमच्यासमोरच्या गाडीशी जुळतात का ते आधी बघा. पेट्रोलची नोंद आणि आत डिझेल, हे आपल्याकडे फार. पंधरा वर्षांवरची असेल तर पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर धरा.

पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी होते, ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये. पण मग ती प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला नेता येते, रोज बाजाराला नाही.

अमेरिकेतून कायमचे परत येतोय. तिथली रँग्लर घेऊन येऊ का?

डेट्रॉइटकडच्या मराठी मंडळींचा हा हमखास प्रश्न, बऱ्याच जणांची नोकरीच गाड्यांच्या कंपन्यांत असते. नका आणू. वापरलेली गाडी आयात करायची तर ती उजव्या स्टिअरिंगची आणि तीन वर्षांच्या आतली असावी लागते. अमेरिकेतली रँग्लर पहिल्याच अटीला नापास. कोणी एजंट ‘करून देतो’ म्हणाला तर आगाऊ पैसे देऊ नका. तिकडे तिला भाव चांगला मिळतो. तिथे विका, आणि हौस असेलच तर इथे रांजणगावची घ्या.